सांधण : वर बघा, मग उतरा!

वीकेंडला काय करायचं, या प्रश्नाची आपल्याकडे तीन ठरलेली उत्तरं असतात : मॉल, मूव्ही, नाहीतर लोणावळा. त्यातही लोणावळा म्हणजे चार तास ट्रॅफिकमध्ये बसायचं, चिक्की घ्यायची आणि सोमवारी ऑफिसात ‘जरा बाहेर जाऊन आलो’ असं सांगायचं. याचा कंटाळा आला म्हणून गेल्या मेमधल्या एका शनिवारी आम्ही पाच जणांनी पहाटे चारला गाडी काढली. एक आयटीवाला, एक सीए, एक बँकवाली, एक नुकताच नोकरी सोडलेला आणि मी. ट्रिपची लीडर मीच. म्हणजे ग्रुप मी जमवला, रस्ता मी शोधला आणि पुढे जे झालं त्यात सगळ्यात मोठ्या आवाजात वाद घातला तोही मीच!

कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली, घोटीला हायवे सोडला आणि चित्रच बदललं. भंडारदऱ्याचं पाणी, त्याच्या काठाकाठाने वळणारा रस्ता, समोर रतनगड आणि त्याच्या माथ्यावरचं नेढं. नेढं म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भोक, सुईच्या नाकासारखं. त्यात उभं राहिलं की वारा अक्षरशः ढकलून देतो. पण आमचं टार्गेट दुसरं होतं. अकोले तालुक्यातलं साम्रद गाव आणि गावाला लागूनच जमिनीत उघडलेली सांधण दरी.

जमिनीची फट

सांधणची गंमत अशी, की ती लांबून दिसतच नाही. आपण सपाटीवरून, करवंदाच्या जाळ्यांमधून चालत असतो. समोर अलंग, मदन, कुलंग हे तिघे आडदांड किल्ले उभे असतात. आपण त्यांच्याकडे बघत असतो आणि अचानक पायाखालची जमीन दुभंगते. आत उतरलं की दोन्ही बाजूंना दोनशे ते तीनशे फूट उंच काळे कातळ. काही ठिकाणी हात पसरले तर भिंती जवळजवळ बोटांना लागतात. तळाला माठाएवढ्या दगडांपासून ते मारुती व्हॅनएवढ्या धोंड्यांपर्यंत सगळा पसारा. साधारण दोन किलोमीटर असं चढत, घसरत, बसत-उठत गेलं, की दरी थेट कोकणाच्या अंगाला उघडते. बाहेर चाळिशी पार केलेलं ऊन आणि आत फ्रीज उघडल्यासारखा गारवा. तळाला ऊन पोचतं ते दुपारी, तेही थोडाच वेळ.

हे सगळं आलं कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत होता. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक थर थंड व्हायचा, त्यावर दुसरा पसरायचा. या थरांना भूगर्भशास्त्रात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. आपला सह्याद्री लांबून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, त्याचं कारण हेच. कठीण थराचा कडा होतो, ठिसूळ थराची सपाटी होते. १६४६ मीटरचं कळसूबाई शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगडाचा आत वळलेला कोकणकडा, सगळी याच लाव्ह्याची लेकरं. पुढच्या वेळी घाटात गाडी अडकली, की हॉर्न वाजवण्याऐवजी शेजारच्या कापलेल्या दरडीकडे बघा. काळ्या थरांच्या मध्ये कधीकधी एक तांबडी रेघ दिसते. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा खडक कुजून माती झाली, तिची ती खूण.

खडकाला उभ्या भेगा होत्या, त्यात पाणी शिरलं. पण नुसत्या पाण्याने एवढा कातळ कापला जात नाही. पाणी सोबत वाळू नेतं, गोटे नेतं, धोंडे नेतं आणि ते सगळं भिंतींवर घासत जातं. म्हणजे सांधणला आपण दरी म्हणतो, पण खरं तर तो पाण्याचा रस्ता आहे. बाकीचे महिने ते आपल्याला वापरायला देतं, इतकंच!

हे मला तेव्हाही माहीत होतं. जाण्याआधी सगळं वाचलं होतं. पण वाचलेलं कळायला एक दुपार जावी लागली.

‘ताई, वर चला’

साम्रदमध्ये ज्यांच्याकडे जेवण सांगितलं होतं, तेच मामा वाट दाखवायला आले. पन्नाशीचे असतील. पायात साधी रबरी चप्पल आणि आमच्या चार-चार हजारांच्या शूजपेक्षा तिची ग्रिप भारी. मे असल्यामुळे पहिल्या डोहात जेमतेम गुडघाभर पाणी होतं. डोहाच्या अलीकडच्या सपाट दगडावर बसून आम्ही बूट काढले, पाणी ओलांडलं, पुन्हा बूट चढवले. पुढचा दीड तास स्वर्ग. प्रत्येक वळणावर फोटो. ‘थांब ना, एकच!’ असं म्हणत बावीस फोटो.

दोन वाजून गेले. दोर लावून उतरावं लागतं, तो पहिला टप्पा आता अर्ध्या तासावर होता. तिथून दरीचं तोंड आणि कोकण दिसतं. मला तोच फोटो हवा होता. त्या फोटोसाठीच ही ट्रिप होती, असंही म्हणायला हरकत नाही.

मामा थांबले. मान वर करून बघितलं. मीही बघितलं. डोक्यावर आकाशाची एक पट्टी, रिबिनीएवढी. स्वच्छ निळी.

‘‘ताई, वर चला आता.’’

‘‘का? काय झालं?’’

‘‘वारं फिरलंय. वर पाऊस धरलाय कुठंतरी.’’

‘‘मामा, ऊन पडलंय की! अर्धाच तास. फोटो काढते आणि येते.’’

‘‘नाय. चला.’’

मी चिडले. आमचा सीए मधे पडला. आपल्याला सगळे प्रश्न पैशाने सुटतात असं वाटतं ना, तसं त्याने अदबीने सांगितलं, ‘‘मामा, हवं तर दोनशे जास्त देऊ.’’ मामा त्याच्याकडे बघून हसले. ‘‘तुम्ही पैसं देऊच नका. पण वर चला.’’ आणि वळून चालू लागले. आमच्यासाठी थांबलेसुद्धा नाहीत.

या ‘न थांबण्याने’ आम्हाला हलवलं. चूक कळली म्हणून नाही, एकटं राहायची भीती वाटली म्हणून! परतताना मी एक शब्द बोलले नाही. मनातल्या मनात हिशोब चालू होता : पहाटे चारला उठले, पेट्रोल, टोल, आणि हाती काय? निम्मी दरी.

तोंडाशी पोचलो तेव्हा वास आला. ओल्या मातीचा. बाहेर येऊन बघतो तर रतनगड गायब! त्याच्या जागी काळंकुट्ट काहीतरी. मामांच्या ओसरीपर्यंत पळेपर्यंत थेंब सुरू झाले आणि मग वळवाने जे झोडपलं, त्यात समोरचा गोठाही दिसेना. मामींनी चहा दिला. कुणीच फारसं बोललं नाही.

तासाभराने पाऊस उघडल्यावर मामा म्हणाले, ‘‘चला, दाखवतो.’’ तोंडाशी उभं राहून आम्ही लांबूनच खाली बघितलं. ज्या सपाट दगडावर बसून बूट काढले होते, तो दगड नव्हता. तिथून गढूळ, लालसर पाणी आवाज करत आत चाललं होतं. आपण ज्या वाटेने गेलो होतो त्याच वाटेने, आणि आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने.

तेव्हा मला त्या निळ्या पट्टीचा अर्थ लागला. दरीत उभं राहून जेवढं आकाश दिसतं, तेवढ्यावर आपण हवामान ठरवतो. पण पाणी येतं ते न दिसणाऱ्या आकाशातून. वर पठारावर पडलेला पाऊस गोळा होऊन याच फटीत येणार आणि आपल्याकडे पळायला बाजूच नाही. दोन्हीकडे तीनशे फुटांच्या भिंती. ज्या भिंतींचे मी फोटो काढत होते, त्याच.

रात्री पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा. निघताना मी पूर्ण पैसे पुढे केले. मामांनी अर्धेच ठेवून घेतले. ‘‘निम्मंच दाखवलं ना!’’ कितीही आग्रह केला तरी ऐकेनात.

जानेवारीत पुन्हा गेलो. तेच पाच जण. या वेळी दुसऱ्या डोहात कमरेपर्यंत पाणी आणि पाणी असं, की दात वाजायला लागले. सीए ‘आई गं’ असा ओरडला, तो दरीभर घुमला. पाणी ओलांडल्यावर मामांनी नेहमीसारखं वर बघितलं आणि मला विचारलं, ‘‘काय ताई, कुठवर जायचं?’’

‘‘तुम्ही म्हणाल तिथवर.’’

त्या दिवशी ते शेवटपर्यंत घेऊन गेले.

जायचं असेल तर…

कसे जाल : मुंबईहून कसारा–इगतपुरी–घोटी–भंडारदरा–साम्रद. पुण्याहून संगमनेर–अकोले–राजूरमार्गे भंडारदरा. ट्रेनने आलात तर कसारा किंवा इगतपुरीला उतरून पुढे जीप करा.

कधी : डिसेंबर ते मार्च सर्वांत उत्तम. पावसाळ्यात दरीत पाऊल टाकू नका. एप्रिल-मेमध्ये दुपारी वळीव गाठू शकतो, त्यामुळे सकाळी लवकर उतरा आणि लवकर वर या.

सोबत काय : चांगली पकड असलेले बूट, टॉर्च, कपड्यांचा एक कोरडा जोड, फोनसाठी प्लॅस्टिकची पिशवी, भरपूर पाणी. दोराच्या टप्प्यांखाली उतरायचं असेल, तर अनुभवी टीम आणि पूर्ण साहित्य हवंच.

लक्षात ठेवा : हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. कचरा परत आणा, मोठ्याने गाणी नकोत. गावातलाच वाटाड्या घ्या, जेवणही गावातच सांगा. आणि तो ‘वर चला’ म्हणाला, तर वाद घालू नका!

जोडून काय : रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, रतनगडाचं नेढं, घाटघरचा कोकणकडा. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत भंडारदऱ्याच्या झाडांवर काजव्यांचा लखलखाट असतो. तो बघताना मात्र टॉर्च आणि फ्लॅश दोन्ही बंद.