सदोष नाण्यांची पारख : टाकसाळीतील दोष व टाकसाळीबाहेरील बनावट

टाकसाळीत नाणे पाडले जात असताना यंत्राच्या, ठशाच्या किंवा धातूच्या चकतीच्या बिघाडामुळे जे नाणे ठरलेल्या स्वरूपाहून निराळे उतरते, त्यास सदोष नाणे म्हणतात. अशी बहुतेक नाणी तपासणीत बाजूला काढली जातात. जी थोडी नजरचुकीने चलनात जातात, त्यांना संग्राहकांच्या बाजारात दर्शनी किमतीच्या अनेकपट मोल येते. हे मोल दुर्मिळतेचे असल्यामुळे ती दुर्मिळता हाताने घडविण्याचा मोहही त्याबरोबरच उत्पन्न होतो. दुकानात किंवा प्रदर्शनात नाणे हाती घेऊन, तोलून व भिंगाखाली धरून पाहता येते. ऑनलाइन लिलावात मात्र ग्राहकापुढे केवळ एखादे छायाचित्र व विक्रेत्याने केलेले वर्णन असते. यास्तव बनावट दोष ओळखण्याच्या कसोट्या कोणत्या आणि त्यांपैकी कोणत्या छायाचित्रावरून लावता येतात, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

या विचाराचे मूळ सूत्र एकच आहे. खरा दोष टाकसाळीतील कामाच्या कोणत्या तरी एका टप्प्यावर उद्भवलेला असतो, आणि त्यानंतरच्या प्रत्येक टप्प्याच्या खुणा त्या दोषावर उमटलेल्या असतात. बनावट दोष नाणे पूर्ण झाल्यावर केलेला असतो. त्यामुळे सर्व टप्पे त्याच्या खाली राहतात. म्हणून ‘हे नाणे विचित्र दिसते काय’ असे न विचारता ‘कोणती खूण आधीची व कोणती नंतरची’ असे विचारले पाहिजे.

नाणकशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. १९०६ साली नाशिकजवळील जोगळटेंभी येथे सापडलेल्या सुमारे १३,००० चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर क्षहरात नहपानाच्या मुद्रेवर गौतमीपुत्र सातकर्णीची मुद्रा उमटविलेली आहे. कोणती मुद्रा खाली व कोणती वर, हे निश्चित करता आले म्हणूनच या संचयाला सातवाहनांच्या विजयाचा पुरावा मानता आले. आधुनिक सदोष नाण्याची परीक्षा याच पद्धतीने करावयाची असते.

नाणे पाडण्याचे टप्पे

प्रथम धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापून काढतात. त्या तापवून मऊ करतात, स्वच्छ करतात आणि त्यांची कड दाबून किंचित उचलून घेतात. नंतर प्रत्येक चकती दोन ठशांच्या मध्ये व त्यांच्याभोवती बसविलेल्या कड्याच्या आत येऊन तिच्यावर आघात होतो. ठशावरील आकृती खोलगट व उलटी असते; त्यामुळे नाण्यावर ती उठावाची व सुलटी उमटते. आघाताखाली धातू वाहतो, ठशाच्या खोलगट भागांत शिरतो आणि बाजूला पसरू पाहतो. कड्यामुळे हा पसर रोखला जाऊन नाण्याचा व्यास व कडेवरील दाते निश्चित होतात. या क्रमास अनुसरून दोषांचे चकतीचे, ठशाचे व आघाताचे असे तीन वर्ग पडतात.

चकतीचे दोष

पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर कापणी आधीच्या छिद्रावर चढते आणि चंद्रकोरीएवढा तुकडा गेलेली चकती तयार होते. अशा चकतीची कड उचलताना तुटीच्या ठिकाणी दाब मिळत नाही; म्हणून तिच्या बरोबर समोरच्या बाजूची किनारही बहुधा अशक्त राहते. पुढे आघाताच्या वेळी धातू मोकळ्या जागेकडे वाहिल्यामुळे तुटीजवळची अक्षरे ओढल्यासारखी व विरत गेलेली दिसतात. तयार नाणे कानशीने घासले असेल, तर अक्षरे पूर्ण उठावात असतानाच सरळ छेदली जातात आणि समोरची किनार अखंड राहते. समोरच्या किनारीचे लक्षण प्रत्येक अस्सल नाण्यावर सारखेच स्पष्ट नसते. तथापि दोन्ही लक्षणे नसतील, तर संशयास सबळ कारण असते.

अन्य धातूच्या चकतीवर पाडलेल्या नाण्यांचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेचा १९४३ चा एक सेंट होय. युद्धकाळात तांबे वाचविण्यासाठी त्या वर्षी सेंटची नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची काढण्यात आली; परंतु काशाच्या काही थोड्या चकत्या यंत्रात राहून गेल्या व त्यांवरही नाणी पडली. या नाण्यांना फार मोठी किंमत येत असल्याने त्यांच्या नकला दोन प्रकारे करतात. पहिल्या प्रकारात पोलादी नाण्यास तांब्याचा मुलामा देतात; असे नाणे लोहचुंबकास चिकटते आणि त्याचे वजन काशाच्या नाण्याप्रमाणे ३.११ ग्रॅम न भरता २.७० ग्रॅमच्या आसपास भरते. दुसऱ्या प्रकारात १९४८ च्या नाण्यावरील ८ चा डावा भाग खरवडून त्याचा ३ करतात. या नाण्याचे वजन व धातू दोन्ही बरोबर असल्याने तेथे तराजू व चुंबक निरुपयोगी ठरतात. मात्र १९४३ च्या अस्सल नाण्यावरील ३ चे शेपूट इतर अंकांच्या खाली उतरते, तसे ते या कोरीव ३ चे उतरत नाही.

ठशाचे दोष

ठसा तयार करताना मूळ ठशाचा दाब एकाहून अधिक वेळा द्यावा लागत असे. दोन दाबांच्या मध्ये ठसा किंचित फिरला, तर ठशावरच आकृती दुहेरी उमटते. अमेरिकेचा १९५५ चा दुहेरी अक्षरांचा सेंट असाच निपजला. अशा ठशाने पाडलेल्या सर्व नाण्यांवर दुहेरीपणा एकाच जागी व एकाच मापाचा असतो, अक्षरे रुंद होतात व दोन्ही प्रतिमांना गोलाईचा पूर्ण उठाव असतो. याउलट आघाताच्या क्षणी सैल ठसा सरकला, तर अक्षराची बाजू दबून तेथे पायरीसारखा सपाट कंगोरा तयार होतो आणि मूळ अक्षर अरुंद होते. ही दुसरी घटना टाकसाळीतीलच असली तरी सामान्य आहे व तिला विशेष मोल नाही. लिलावात मात्र ती सर्रास पहिल्या नावाने विकली जाते. म्हणजे येथे नाणे अस्सल असते. खोटे असते ते वर्णन.

आघाताचे दोष

आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर ते नाणेच ठशाचे काम करते. तेव्हा एका बाजूवर खोलगट व उलटी प्रतिमा आणि दुसऱ्या बाजूवर नेहमीची सुलटी मुद्रा उमटते. याची नक्कल करण्यासाठी दोन तयार नाणी एकमेकांवर ठेवून शेगड्यात आवळतात किंवा हातोड्याने ठोकतात. खोलगट उलटी अक्षरे तेथेही दिसतात. परंतु त्यांच्याखाली नाण्याची मूळ आकृती चेपलेल्या अवस्थेत शिल्लक असते आणि दुसरी बाजूही आधाराच्या दाबाने सपाट झालेली असते. अस्सल नाण्यात कोऱ्या चकतीवरच ती प्रतिमा उमटल्यामुळे तिच्याखाली तयार मुद्रेचा अवशेष सापडत नाही.

दोन्ही बाजूंना एकच मुद्रा असलेली नाणी बहुशः दोन नाणी जोडून केलेली असतात. एक नाणे किनार राखून आतून कोरतात व दुसरे घासून त्यात बसवितात. किनारीच्या आतल्या बाजूस वर्तुळाकार सांधा भिंगाखाली शोधल्यास तो बहुधा सापडतो.

द्विधातू नाण्यांतील फेरफार

भारतात २००९ पासून चलनात आलेले दहा रुपयांचे द्विधातू नाणे, व्यास २७ मिलिमीटर व वजन ७.७१ ग्रॅम, हे या सूत्राचे उत्तम उदाहरण आहे. त्याचे कडे व गाभा आघातापूर्वी दोन्ही कोरे असतात. एकाच ठशाच्या एकाच आघाताने त्यांवर मुद्रा उमटते व ते एकमेकांत घट्ट बसतात. यावरून निष्कर्ष असा निघतो की, कड्यावरील अक्षरे सरळ व गाभ्यावरील सिंहमुद्रा तिरपी, असे नाणे एका आघातातून निघूच शकत नाही. तो गाभा मागाहून दाबून काढून फिरवून बसविलेला असतो. उलटपक्षी एका बाजूची संपूर्ण मुद्रा, कड्यासह, दुसऱ्या बाजूच्या मानाने फिरलेली असेल, तर ठसा सैल होऊन फिरल्याचा तो खरा दोष असणे शक्य आहे. तसेच गाभा आघातापूर्वीच मध्यापासून सरकला असेल, तर ठशाची आकृती आपल्या जागी राहून सांध्यावरून अखंड जाते. मागाहून सरकविलेल्या गाभ्याबरोबर आकृतीही सरकते.

छायाचित्रावरून पारख

छायाचित्रावरून आकृतीचा क्रम, अक्षरांची ओढ व किनारीची अवस्था पाहता येते. वजन, चुंबकत्व व सांधा यांची खात्री होत नाही. म्हणून दोन्ही बाजूंची, कडेची व तिरप्या प्रकाशातील छायाचित्रे आणि तराजूवरील वजन यांची मागणी करणे आवश्यक ठरते. प्रमाणित डबीत बंद केलेले नाणेही पडताळून घ्यावे लागते, कारण डब्यांच्याही नकला होतात. डबीवरील क्रमांक प्रमाणन संस्थेच्या नोंदीत असणे पुरेसे नाही. नोंदीतील चित्र प्रत्यक्ष नाण्याशी जुळले पाहिजे. भारतात या व्यवहारास फसवणुकीचे आणखी एक अंग आहे. जुन्या नोटा व नाणी यांच्या ऑनलाइन खरेदीविक्रीत रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क, दलाली वा कर मागितला जातो. अशा व्यवहारांशी आपला संबंध नसून आपण असे कोणतेही शुल्क घेत नाही, असा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला.

फसलेल्या ग्राहकाचे नुकसान पैशाचे असते; अभ्यासाचे नुकसान अधिक काळ टिकते. सदोष नाणी ही टाकसाळीतील यंत्रे व कार्यपद्धती यांच्या इतिहासाची साधने आहेत. शेगड्यात आवळलेले एखादे नाणे संग्रहालयाच्या सूचीत शिरले, तर त्यावरून कधी न घडलेला बिघाड इतिहासात नोंदला जातो आणि पुढील अभ्यासक त्याचा आधार घेतात. यासाठी सूचीत प्रत्येक सदोष नाण्यापुढे वजन, कडेचे वर्णन व दोष कोणत्या टप्प्यावर घडला याविषयीचे अनुमान नोंदविणे इष्ट होय. जेथे असा टप्पा दाखविता येत नाही, तेथे ते नाणे कितीही लक्षवेधी असले तरी त्याच्यापुढे ‘अनिर्णित’ एवढाच शेरा असावा.