मुकी जनावरं आणि अबोल डॉक्टर

नीटचा निकाल लागला की प्रवेशाच्या दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येतं. "पोरगं जरा अबोल आहे, चारचौघांत मिसळत नाही, पण जनावरांवर भारी जीव आहे त्याचा. व्हेटरनरीला घालावं म्हणतो. तिथे कुणाशी बोलायचं असतं?" पालकांनी असं म्हणणं मी समजू शकतो. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षाला पोचलेले विद्यार्थीही हीच समजूत घेऊन दवाखान्यात उभे राहतात, जनावराभोवती घोळका करतात आणि मालकाकडे पाठ फिरवतात, तेव्हा मात्र राग येतो. कारण निम्मं निदान त्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाजवळ असतं.

माणसांच्या डॉक्टरला रुग्ण स्वतः सांगतो, दुखतंय कुठे, कधीपासून, काय खाल्लं. आपला रुग्ण सांगू शकत नाही. त्याच्या वतीने जो सांगणार, त्याला बोलतं करणं हा पशुवैद्यकाच्या तपासणीचाच भाग आहे. तो हाताला स्टेथोस्कोप लागायच्या आधी सुरू होतो.

गाय खाली बसली आहे, उठत नाही, एवढंच डोळ्यांना दिसतं. काल रात्री व्याली, चौथं वेत, दूध भरपूर, आता कान आणि अंग गार, असं कळलं तर दुग्धज्वर पहिल्यांदा मनात येतो. नावात ज्वर असला तरी ताप नसतो. रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं आणि ते शिरेतून, सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत द्यावं लागतं. पण तीच गाय तासाभरापूर्वी दावं तोडून ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात शिरली होती असं कळलं, तर ती किराळ असू शकते, म्हणजे सायनाइडची विषबाधा. तिथे कॅल्शियमची बाटली लावणं म्हणजे वेळ घालवणं. सोडियम थायोसल्फेटसारखा उतारा लागतो, आणि तोही लगेच. गाय व्याली कधी आणि तिने खाल्लं काय, हे गोठ्यातल्या माणसाला विचारूनच कळतं. रक्ताचा अहवाल हातात येईपर्यंत किराळ लागलेली गाय थांबत नाही.

बरं, विचारायचं म्हणजे तरी कसं? "काही वेगळं खाल्लं का?" असं विचारलं की उत्तर येतं, "नाही, नेहमीचंच." मालक खोटं बोलत नसतो. शेजारच्या लग्नातला उरलेला भात आणि बुंदी टोपलीभर घातली, हे त्याला 'वेगळं' वाटतच नाही, ते उरलेलं अन्न आहे. "काल सकाळपासून आत्तापर्यंत तिच्यापुढे काय काय टाकलं, ओळीने सांगा," म्हटलं की भात बाहेर येतो. मग गच्च झालेलं पोट, थांबलेला रवंथ आणि आंबूस वासाचं पातळ शेण, सगळ्याचा अर्थ लागतो. हो-नाही उत्तराचे प्रश्न आणि सांगायला लावणारे प्रश्न यांतला हा फरक शिकता येतो, शिकवता येतो, आणि परीक्षेत तपासताही येतो.

कुणाला विचारायचं हेही शिकावं लागतं. दवाखान्यात बहुतेक वेळा घरचा पुरुष येतो. पण धार काढणारी, वैरण टाकणारी, शेण भरणारी पुष्कळ घरांत बाई असते. डावीकडच्या मागच्या सडातून दोन दिवस दुधात गाठी येतायत हे तिला ठाऊक असतं. मालकाला मात्र फक्त "दूध कमी झालंय" एवढंच माहीत असतं. "ताई, धार तुम्हीच काढता ना? तुम्ही सांगा," हे वाक्य कासदाहाच्या निदानात कुठल्याही चाचणीइतकं उपयोगी आहे. तसंच, आधी कुणाकडून तरी इंजेक्शन टोचून घेतलेलं असतं आणि डॉक्टर रागावतील म्हणून ते लपवलं जातं. दरडावून विचारलं की ते कायमचं लपतं आणि आपण त्याच औषधाचा दुसरा डोस भरतो.

हे फक्त जनावराच्या भल्यासाठी आहे असंही नाही. "घशात काहीतरी अडकलंय, लाळ गळतेय, गिळता येत नाही," अशी तक्रार घेऊन गाय येते आणि उत्साही तरुण डॉक्टर तोंडात हात घालतो. रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडतात आणि गाय अगदी अशीच दिसते. गेल्या काही महिन्यांत कुत्रं चावलं होतं का, गावात पिसाळलेलं कुत्रं फिरत होतं का, हा प्रश्न हात घालण्याआधी विचारायचा असतो. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपचार नाही.

"अनुभवाने आपोआप येतं हे सगळं," असं ज्येष्ठ सांगतात. येत नाही. कॅनडातल्या डायसार्ट, को आणि ॲडम्स या संशोधकांनी पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांतल्या खऱ्या भेटींची ध्वनिचित्रमुद्रणं तपासली आणि निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध केले. काम करणारे, पदवीधर पशुवैद्यक होते ते. मालकाचं बोलणं जिथे मध्येच तोडलं गेलं, तिथे त्याला बोलायला मिळालेला मध्यक वेळ होता अवघा ११ सेकंद. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१२ साली नव्या पदवीधराला पहिल्या दिवशी काय आलंच पाहिजे याची यादी काढली, तिच्यात साथरोगशास्त्राबरोबर संवादकौशल्यही आहे. त्याला सॉफ्ट स्किल म्हणून शेवटच्या बाकावर बसवायचं कारण नाही.

अबोल मुलांनी यावरून घाबरू नये. बडबड करणं वेगळं आणि ऐकून घेणं वेगळं. शांत मुलं बऱ्याचदा उत्तम ऐकतात, फक्त पहिला प्रश्न विचारायची भीड त्यांना मोडावी लागते. महाविद्यालयाच्या दवाखान्यात त्यासाठी रोज संधी असते. घोळक्यातून एकाने बाजूला व्हावं, मालकाला नमस्कार करावा, सगळं ऐकावं, मग ऐकलेलं त्याच्याच शब्दांत परत सांगून "बरोबर ना?" असं विचारावं. निघताना औषध कधी, किती, आणि प्रतिजैविक दिल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हे सांगून मालकाकडून ते एकदा वदवून घ्यावं. ते दूध ओतून देणं म्हणजे त्याच्या पदरचे पैसे जाणं आहे. कारण पटलं नाही तर ते डेअरीतच जाईल.

आता राहिलेल्या समजुती. 'मुलींना मोठी जनावरं आवरत नाहीत': सहाशे किलोची म्हैस ताकदीने कुठल्याच पुरुषाला आवरत नाही. खोडा, दोर, गुंगीचं औषध आणि जनावराजवळ जायची पद्धत यांनीच ती आवरते. 'थिअरीत गुण चांगले की हात आपोआप बसतो': गाभण तपासणी हातानेच शिकावी लागते. कत्तलखान्यातून आणलेल्या गर्भाशयावर किंवा मॉडेलवर सराव करून मगच जिवंत गाईकडे वळलेलं बरं. 'इंटर्नशिप म्हणजे एमपीएससीच्या अभ्यासाची सुट्टी': साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमातलं हे पूर्ण एक वर्ष आहे, आणि चुकताना हात धरणारं कुणीतरी शेजारी असण्याची ही शेवटची वेळ. 'नोंदी ठेवणं हे कारकुनाचं काम': विम्याचा दावा, साथीची खबर आणि पुढच्या डॉक्टरचा उपचार याच नोंदींवर चालतो.

आणि एक समजूत मात्र खरोखर घातक आहे: हातमोजे घालणारा डॉक्टर भित्रा. गर्भपात झालेल्या गाईची वार उघड्या हातांनी काढणाऱ्याला ब्रुसेलोसिस होऊ शकतो आणि तो ताप, ती सांधेदुखी महिनोन्‌महिने छळते. मोजे घालायची सवय पहिल्याच वर्षी लागली पाहिजे, आणि रेबीजची प्रतिबंधक लस जनावरांना हात लावायला सुरुवात करण्याआधी घेतलेली असली पाहिजे.