नितळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातलं ब्रिक्सहॅम हे समुद्रकाठचं, मासेमारीवर वाढलेलं छोटं गाव. मे २०२४मध्ये तिथल्या नळाच्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी सापडला. शंभराहून अधिक जणांना लागण झाल्याचं तपासणीत सिद्ध झालं. सुमारे १७,००० घरं आणि दुकानांना पाणी उकळून पिण्याची सूचना मिळाली. बहुतेकांवरची ती काही दिवसांत उठली. पण शेवटच्या अडीच हजार घरांना ८ जुलैपर्यंत थांबावं लागलं.

गैरसमज : स्वच्छ दिसणारं, वास न येणारं पाणी शुद्धच असतं.
वस्तुस्थिती : या परजीवीची बीजकोशिका जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. तिला रंग, वास, चव काहीच नसतं. पाण्यात विरघळलेलं शिसंही असंच ओळखू येत नाही.

गैरसमज : क्लोरीन घातलं की सगळे जंतू मरतात.
वस्तुस्थिती : पटकी, विषमज्वराच्या जिवाणूंना क्लोरीन मारतं. क्रिप्टोस्पोरिडियमचं कवच मात्र इतकं चिवट असतं, की नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला ते दाद देत नाही. त्याला बारीक गाळण, अतिनील किरण किंवा उकळणं हेच उपाय.

गैरसमज : उकळलं की कोणतंही पाणी चालतं.
वस्तुस्थिती : उकळल्याने जंतू मरतात, धातू आणि नायट्रेट तसेच राहतात, उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. ६ जुलै १९८८ रोजी इंग्लंडमधल्याच कॉर्नवॉल परगण्यात कॅमलफर्डजवळच्या जलशुद्धीकरण केंद्रात एका टँकरचालकाने २० टन अॅल्युमिनियम सल्फेट चुकीच्या टाकीत ओतलं. गाळ खाली बसवायला वापरायचं, तुरटीच्याच जातीचं हे रसायन सुमारे २०,००० लोकांच्या नळांत गेलं. आम्लधर्मी झालेल्या पाण्याने नळांतलं तांबंही सोबत आणलं. असं पाणी उकळून काय साधणार?

गैरसमज : केंद्रातून शुद्ध निघालेलं पाणी घरात शुद्धच पोहोचतं.
वस्तुस्थिती : ब्रिक्सहॅममध्ये दूषित पाणी शिरण्याचं संभाव्य कारण म्हणून बोट दाखवलं गेलं ते एका खासगी शेतातल्या जलवाहिनीच्या नादुरुस्त एअर व्हॉल्व्हकडे. ब्रिटनमध्ये १९७०पूर्वीच्या घरांत अजून शिशाचे पाइप असू शकतात. तिथे रात्रभर साचलेलं पाणी सकाळी आधी वाहू द्यावं आणि स्वयंपाकाला थंड नळाचंच घ्यावं. गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं.

गैरसमज : प्रगत देशात बिघाड झाला तर लोकांना लगेच कळतं.
वस्तुस्थिती : इंग्लंड आणि वेल्समध्ये ९९.९ टक्क्यांहून अधिक चाचण्या निकषांत बसतात, ही मोठी कमाई आहे. तरीही कॅमलफर्डच्या रहिवाशांना आधी पाणी पिण्यायोग्य असल्याचं सांगण्यात आलं. खरं कारण जाहीर व्हायला दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला. तेवढे दिवस लोक ते पाणी वापरत राहिले.

पाण्यात काय आहे हे कळल्याशिवाय उपाय ठरत नाही, आणि ते घरबसल्या कळत नाही. म्हणून चाचणीचा निकाल विनाविलंब मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. आपल्याकडूनही एवढं व्हावं : एका गल्लीत अनेकांना एकदम जुलाब सुरू झाले, तर डॉक्टरांबरोबरच पाणीपुरवठा करणाऱ्यांनाही त्याच दिवशी कळवावं.