दोन लाइनींचा फोन घेताना

चेन्नईच्या सौकारपेटमध्ये विटा-खानापूरकडचे गलाई व्यावसायिक छोट्या गाळ्यांतून सोन्याचं काम करतात. अशा जागी दोन लाइनींचा वायरचा स्पीकरफोन घेताना आधी स्पीकर तपासा. स्वस्त फोनमध्ये एका वेळी एकाच बाजूचा आवाज जातो. आपण बोलू लागलो की पलीकडचा तुटतो. भाव ठरवताना हे घातकच. ‘फुल डुप्लेक्स’ फोन स्पीकरमधून माइकमध्ये शिरणारा आवाज गणिताने वजा करतो, म्हणून दोघांचंही बोलणं पोहोचतं. यासाठी चार पैसे जास्त द्यावेत.

दुसरी गोष्ट विजेची. तांब्याच्या लाइनीला एक्स्चेंजमधून सुमारे 48 व्होल्ट मिळतात. फायबरच्या मोडेमला मात्र गाळ्यातलीच वीज लागते. डिसेंबर 2016 मध्ये ‘वरदा’ चक्रीवादळाने शहराच्या अनेक भागांत अंधार केला होता. फायबर असेल तर मोडेम आणि फोनचा ॲडॉप्टर, दोन्ही यूपीएसवर घ्या.