पिशवीच्या तोंडाचं दुखणं

आमच्या रहाटणीत कुठल्याही इमारतीत गाव विचारा. लातूर, बीड, धाराशिव, सोलापूर यांतलं एखादं नाव निघतंच. भोसरी-चाकणच्या कंपन्यांनी ही माणसं इकडे आणली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू धाराशिवकडच्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषय निघाला तर हात उडवून म्हणाल्या, "माझी पिशवी कवाच काढली. मला कसलं भ्या?" अंगावरून पांढरं जात होतं, एवढ्यावर काढली. आधी तपासणी म्हणून काही झालीच नव्हती.

आणि पिशवी शाबूत ठेवून हा कॅन्सर कसा अडवायचा, हे जगाला दाखवलं ते काकूंच्याच जिल्ह्यानं!

१९८३ मध्ये जर्मनीत हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना या कॅन्सरच्या गाठींमध्ये एचपीव्ही-१६ विषाणू सापडला. चारच वर्षांनी, १९८७ मध्ये, बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. या नोंदणीच्या पायावर पुढचं मोठं काम उभं राहिलं. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे चार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप म्हणजे पेशींची तपासणी, तिसऱ्याची व्हिनेगरची तपासणी. चौथ्या गटाची कसलीच नाही. २००९ मध्ये निकाल छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, चौथ्या गटात ६४. हे ६४ मला नुसता आकडा म्हणून वाचता येत नाहीत. तुलनेपायी बायकांना तपासणीविना ठेवावं का, यावर पुढे वाद झाला. व्हायलाच हवा होता. काकूंचं गाव त्यात होतं का, कुठल्या गटात होतं, त्यांना काहीच ठाऊक नाही.

व्हिनेगरची तपासणी मात्र बघण्यासारखी असते. चार-पाच टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड कापसाच्या बोळ्यानं गर्भाशयाच्या मुखाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. निरोगी जागा गुलाबीच राहते, बिघडलेली जागा चुन्याचा डाग पडावा तशी पांढरी होते. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयानं दहावी शिकलेल्या बायकांना काही आठवडे शिकवून हे काम दिलं. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

एचपीव्ही विषाणू बहुतेकींच्या शरीरातून आपसूक निघून जातो. वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो तिथे धोका. त्याचं ई-६ नावाचं प्रथिन पेशीतल्या पी-५३ या राखणदाराचा काटा काढतं. या राखणदाराच्या हाताखाली काही मायक्रो-आरएनए असतात, जेमतेम बावीस अक्षरांच्या चिठ्ठ्या. त्यांतली एमआयआर-३४ए पेशीची बेसुमार वाढ रोखते. राखणदार गेला की ही चिठ्ठीही कमी लिहिली जाते. मायक्रो-आरएनए पहिल्यांदा सापडला १९९३ मध्ये, एका मिलिमीटरभर कृमीत. त्याचं नोबेल २०२४ मध्ये मिळालं. मायक्रो-आरएनएवरून हा कॅन्सर ओळखायचे प्रयोग खूप झाले, पण दवाखान्यात रोज वापरावी अशी चाचणी अजून हाती नाही. विषाणूकडे परत यायचं तर, भोसरी एमआयडीसीतल्या 'नारी' या एड्स संशोधन संस्थेनं एचआयव्हीबाधित बायकांमध्ये एचपीव्हीचे कुठले प्रकार आढळतात ते तपासलं. तिथे एचपीव्ही-१६च आघाडीवर.

एचपीव्हीवरच्या लसीची गोष्ट तर अपघाताचीच. २००९ मध्ये पुणे, बार्शी, मुंबईसह अनेक ठिकाणी मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, याचा अभ्यास सुरू झाला. आंध्र-गुजरातमधल्या एका वेगळ्या प्रकल्पात काही मुली दगावल्या, गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारनं सगळ्याच अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत दिसला नाही, पण जवळपास ५ हजार मुली एकाच डोसवर राहिल्या. दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर कळलं, की एक डोसही तितकाच कामाला येतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसला मान्यता दिली, त्यामागे या मुलीही आहेत. त्याच वर्षी पुण्याच्या सीरमच्या 'सर्व्हाव्हॅक'ला परवानगी मिळाली.

काकूंची नात तेरा वर्षांची आहे. पंधरावं लागायच्या आत तिला लस टोचून घ्या, असं मी त्यांच्या सुनेला सांगितलंय. सूनबाई चौतीस वर्षांच्या. त्यांची स्वतःची तपासणी अजून एकदाही झालेली नाही.