मुलांचा श्वानदंश

प्रौढ माणसास कुत्रे चावते ते बहुधा पोटरीस, आणि तीन-चार वर्षांच्या मुलास चावते ते पुष्कळदा गालास, ओठास वा मानेस. कारण मुलाचे तोंड कुत्र्याच्या जबड्याच्या टप्प्यातच येते. हा भेद केवळ चेहरा विद्रूप होण्यापुरता नाही. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतील रेबीजचा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, आणि एरवी रोग प्रकटण्यास जो बहुधा एक ते तीन महिन्यांचा अवधी लागतो, तो दंश मेंदूच्या निकट असल्यास आणखी आखूड होऊ शकतो. सुश्रुताने वर्णिलेला जलत्रास, म्हणजे पाण्याचे भय, एकदा दिसू लागला की आजच्या वैद्यकापाशीही खात्रीचा इलाज नाही.

मात्र त्यापूर्वी लस मिळाल्यास मूल वाचू शकते. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी पॅरिस येथे ज्यास रेबीजची लस टोचविली, तो जोसेफ माइस्टरही अवघ्या ९ वर्षांचा होता, आणि तो वाचला.

सातारा-सांगलीकडे दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो, बीडकडील ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि आईबाप पहाटेच फडात गेल्यावर कोपीपाशी धाकटे मूल थोरल्या भावंडाच्या हवाली असते. कुत्र्याने ओरबाडले तरी मार बसेल या भयाने मूल ते सांगत नाही, आणि कळलेच तर जखमेवर मिरची किंवा चुना दाबण्याची घातक रीत अद्याप पुरती गेलेली नाही. वस्तुतः या विषाणूचे आवरण स्निग्ध असल्याने साबण त्याचा नाश करतो. म्हणून विहिरीच्या मोटारीची साधी धार आणि कपडे धुण्याची वडी घेऊन जखम पूर्ण १५ मिनिटे धुणे, हा दवाखान्याच्या वाटेस लागण्यापूर्वीचा पहिला आणि मोलाचा उपचार होय.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांचे भय आता बाळगावयास नको. लस दंडात देतात. मात्र रक्त आलेल्या जखमेत, अगदी ओठाच्या कडेसही, सीरम टोचावे लागते. त्या वेळी मूल आक्रंदते आणि आईचा जीव कासावीस होतो, तथापि लसीचा प्रभाव उत्पन्न होईपर्यंतच्या दिवसांत संरक्षण त्या सीरमचेच असते. त्वचेत द्यावयाच्या लसीची पुढील टोचणी पहिल्या दिवसापासून ३, ७ व २८ व्या दिवशी येते, आणि तोवर टोळी दुसऱ्या गावच्या फडात गेलेली असते. मुकादमांनी आणि कारखान्यांच्या शेतकी खात्यांनी अशा मुलाच्या लसीच्या तारखा आपल्या दप्तरी नोंदवाव्यात, आणि त्या दिवशी आईची हजेरी न कापता तिला जवळच्या आरोग्य केंद्रात पाठवावे.