गुडघा नव्हे, खांदा!

होटगी जंक्शनावर गाडीची वाट पाहत ताटकळणाऱ्याला कंबर धरणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी त्यावर जठरपरिवर्तनासन सुरू केले. एका हौशी मित्राने जमिनीला टेकावा म्हणून त्यांचा गुडघा वरून दाबला. बिचारे आठ दिवस अंथरुणाला खिळले!

मराठीच्या मास्तराला नावातच उत्तर दिसते. जठर म्हणजे पोट. वळवायचे ते पोट. बी. के. एस. अय्यंगारांच्या ‘लाइट ऑन योगा’त (१९६६) हे आसन सरळ पायांनी आहे, पण नवख्याने गुडघे मोडूनच करावे.

उपाशीपोटी सतरंजीवर उताणे निजा. पावले जमिनीवर, हात दोहों बाजूंस पसरलेले. श्वास सोडीत गुडघे उजवीकडे झुकवा. डावा खांदा उचलू लागला की तिथेच थांबा आणि गुडघ्यांखाली उशी सारा. त्यात कमीपणा कसला? चारसहा श्वासांनंतर आधी वरचा गुडघा उचला, मग खालचा. नंतर डावी बाजू.

पायात कळ वा मुंग्या उतरल्या तर ताबडतोब सोडा. मणक्याची चकती सरकलेली, हाडे ठिसूळ, गरोदरपण किंवा पोटाची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नका.

आमच्या सौ. त्या उशीवरच झोपी जातात. मी उठवीत नाही.